शिबिर संपले, वर्गात काय बदलले?

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात शेवटच्या दिवशी चहाबरोबर एक कागद वाटतात : ‘वर्ग कसा वाटला?’ गुरुजी आणि बाई ‘उत्तम’वर खूण करतात आणि एस.टी. गाठायला धावतात. (साहेब समोर उभे असताना ‘निरुपयोगी’ कोण लिहिणार?) अहवालात नोंद होते, प्रशिक्षण यशस्वी!

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये अशा पारखीच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रशिक्षण आवडले का, त्यातून काय शिकलात, कामाची रीत बदलली का आणि हाती काय लागले? आपला कागद पहिल्याच पायरीवर बसून राहतो.

तिसरी पायरी डोळ्यांना दिसावी, असा प्रयोग चेन्नईत झाला. तेथील महापालिकेचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये पालिकेच्या १३ शाळांत कृतीतून शिक्षण सुरू झाले. नुसती भाषणे न ऐकवता शिक्षकांना आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीची पद्धत प्रत्यक्ष दाखवली गेली. पुढे ती पालिकेच्या सर्व शाळांत आणि २००७-०८ पर्यंत तमिळनाडूभर पोहोचली.

या वर्गांत मुले चटयांवर गटाने बसत. भिंतीवर धड्यांची ‘शिडी’ असे. आपण कितव्या पायरीवर आहोत ते पाहून मूल स्वतःच चित्रखुणेचे कार्ड उचलून आणी. फळे मुलांच्या उंचीला, भिंतीच्या खालच्या अंगाला रंगवलेले. तापामुळे आठवडाभर घरी राहिलेले मूल परतले, की सोडलेल्या पायरीपासून पुढे जाई. हातावर पोट असलेल्या घरातल्या मुलाला याचे मोल फार.

अशा वर्गाच्या दारात उभे राहिले, तरी प्रशिक्षण मुरले की नाही, हे बरेचसे कळते. बाई मुलांमध्ये चटईवर आहेत की खुर्चीत? खालच्या फळ्यावर मुलांचे अक्षर आहे का?

पण चौथी पायरी अवघडच. कार्डे पुढे सरकली म्हणजे वाचता आले, असे नव्हे. त्यासाठी मुलाला कधी न पाहिलेला उतारा द्यावा लागतो. तोही प्रशिक्षणाच्या आधी एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. नाहीतर फरक कशाशी ताडणार?

तुमच्या मुलाच्या शाळेतले शिक्षक शिबिराला जाऊन आले असतील, तर पुढच्या पालकसभेत एवढेच विचारा : ‘बाई, तिथले काय वर्गात वापरता? आणि काय जमले नाही?’