वखारीतली विद्या

जानेवारी उजाडला की निफाड-दिंडोरीच्या बागांतून निर्यातीच्या द्राक्षांची तोडणी जोर धरते. गार वेळी घड उतरवावयाचा, काही तासांच्या आत शीतगृहात नेऊन त्याच्या अंगातील उष्णता काढून घ्यावयाची, बुरशी धरू नये म्हणून गंधकयुक्त कागद घालून पेटी बंद करावयाची आणि शून्य अंशाच्या आसपास तापमान राखणाऱ्या कंटेनरमधून ती न्हावा-शेवा बंदरात पोहोचवावयाची. तेथून युरोपपर्यंत तीन-चार आठवड्यांचा समुद्रप्रवास. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागल्याने तो प्रवास आणखी दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढ्या काळात कोठे यंत्र बंद पडले, कोठे एक कागद चुकीचा भरला गेला, तर पलीकडच्या ग्राहकासमोर उघडते ती डागाळलेली पेटी. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल अशा रीतीने अनेक अनोळखी हातांवर अवलंबून असते. शीतगृहाचा पर्यवेक्षक, ट्रकचालक, सीमाशुल्काची कागदपत्रे पाहणारा कारकून, क्रेनवर बसलेला माणूस ह्या सर्वांना आपल्या मध्यमवर्गात नाव मात्र एकच आहे: गोदामात काम करणारे.

ह्या कामालाच आज लॉजिस्टिक्स आणि पुरवठा साखळी व्यवस्थापन अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. नावे नवी, गरज जुनी. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची कारणे सांगताना रणांगणावरील डावपेचांची चर्चा पुष्कळ होते. परंतु दुआबातून रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि छावणीत अन्नाची ददात पडली, हे सत्य त्या चर्चेत बहुधा एखाद्या वाक्यापुरते येते. उपाशी सैन्य लढले, ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. ते उपाशी का राहिले, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने शिकविला गेला पाहिजे.

पुरवठा म्हणजे केवळ माल इकडून तिकडे नेणे नव्हे, हे महाराष्ट्राने २०१० साली महाग किंमत देऊन पाहिले. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट ह्या वाढनियंत्रक रसायनाचा अंश आढळला म्हणून युरोपात कंटेनर अडकले आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा फटका बसला. फळ उत्तम होते, शीतसाखळी शाबूत होती. कोणत्या बागेतील पेटी कोणत्या कंटेनरमध्ये गेली ह्याची नोंद ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्थाही २००६ पासून उभी होती. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हते. म्हणजे माल पुढे गेला आणि माहिती मागे राहिली. ज्याला हे शास्त्र शिकावयाचे आहे त्याला तापमान, वेळ, कागद आणि माहिती ह्या चारही गोष्टी एकत्र बांधता आल्या पाहिजेत. दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र वाटून हे साधत नाही.

शासनाच्या पातळीवर काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ साली ह्या क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन वडोदऱ्याच्या रेल्वे व वाहतूक संस्थेला गतिशक्ती विश्वविद्यालय म्हणून केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. पवईची १९६३ पासूनची ‘निटी’ ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. आकड्यांच्या बाबतीतही थोडी जाग आली आहे. देशाचा वाहतूक-साठवणुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के आहे, असे वर्षानुवर्षे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जात असे. २०२५ मध्ये केंद्र शासनाने पद्धतशीर मोजणीचा अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा २०२३-२४ साठी तो आकडा ७.९७ टक्के निघाला. जे क्षेत्र स्वतःचा खर्चही इतकी वर्षे अंदाजाने सांगत होते, तेथे प्रशिक्षित माणसांची वाण किती होती हे वेगळे सांगावयास नको.

मात्र ह्या सर्व संस्थांचा ओढा शिखराकडे आहे. व्यवस्थापनाची पदवी घेतलेला तरुण संगणकाच्या पडद्यावर साखळीची आकृती सुबक काढतो. मालाचे पॅलेट कसे रचले असता तळातली पेटी दबत नाही, हे त्याला भिवंडीच्या वखारीतील मुकादमाकडून शिकावे लागते, आणि त्या मुकादमाकडे कोणताही दाखला नसतो. (भिवंडीत एवढी गोदामे का, ह्याचे एक उत्तर मुंबईच्या जकातीत आहे. जकात चुकविण्यासाठी माल नाक्याबाहेर ठेवला जाई. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढली.) ह्या दोघांच्या मधली जी फळी आहे, म्हणजे फोर्कलिफ्ट आणि रीच स्टॅकर चालविणारा, शीतगृह सांभाळणारा, साठ्याचा हिशेब ठेवणारा, सीमाशुल्क दलालाच्या कचेरीत कागद तयार करणारा, तीच सर्वांत दुबळी आहे. ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ १९६१ पासून पुस्तकात आहे. पदवीच्या जोडीला प्रत्यक्ष उमेदवारी देणारे अभ्यासक्रम सुरू करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये दिली. आपल्या घरांत त्यांची चौकशी किती होते? विपणनातील पदवीसाठी कर्ज काढणारे पालक, मुलगा वखारीत उमेदवारी करतो म्हणाला की पाहुण्यांपुढे विषय बदलतात.

ह्या अनास्थेचा परिणाम पाहावयाचा असेल तर उरणकडे पाहावे. जानेवारी १९८४ मध्ये भूमिसंपादनाच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. आज ते वर्षाला वीस फुटी मापाचे सत्तर लाखांहून अधिक कंटेनर हाताळते. भूखंडाचा लढा न्याय्यच होता. परंतु भूखंड एकदाच विकला जातो, कौशल्य तीस वर्षे पगार देते. मोबदल्यासाठी जितका आग्रह धरला गेला तितका त्याच गावांत बंदरविद्येची शाळा काढण्यासाठी ना शासनाने धरला, ना समाजधुरीणांनी.

आता पाळी पालघर जिल्ह्याची आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर, पूर्ण क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरांची, आणि शासकीय अंदाजानुसार प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार सुमारे दहा लाख. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा ह्या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे. मासेमारीचे क्षेत्रच जाणार असेल तर त्यांचे आक्षेप नोकरीच्या आश्वासनाने मिटत नाहीत, आणि तसे मानून चालणे हा त्यांचा अपमान होईल. तरीही बंदर होणारच असेल तर त्या दहा लाखांत स्थानिकांचा वाटा कोणता, हमालीचा की पर्यवेक्षणाचा, हा प्रश्न टाळता येणार नाही. ताजा मासा बर्फात किती तास टिकतो हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या समाजाला शीतसाखळी नव्याने समजावून द्यावी लागत नाही. द्यावी लागते ती त्या जाणतेपणाला यंत्राची आणि कागदाची जोड.

ही जोड मराठीतून दिली जावी. बिल ऑफ लेडिंग इंग्रजीतच असणार आणि ते अचूक वाचता आले पाहिजे, ह्यात शंका नाही. पण ते कशासाठी असते, मालावरचा हक्क त्या कागदाबरोबर कसा फिरतो, हे मातृभाषेत समजलेला बारावी उत्तीर्ण मुलगा इंग्रजी नमुना महिन्याभरात हस्तगत करतो. भाषेच्या भीतीने दारातूनच परतलेल्या मुलाला मात्र ती संधीच मिळत नाही.

शिक्षक कोठून आणावयाचे, असे विचारले जाईल. सैन्याच्या आर्मी सर्व्हिस कोअरमधून दरवर्षी असे सुभेदार आणि हवालदार निवृत्त होतात, ज्यांनी जोजिला बंद होण्यापूर्वी संपूर्ण हिवाळ्याचा शिधा आणि इंधन लडाखला पोहोचविण्याच्या मोहिमांत उमेदीची वर्षे घालविली. महाराष्ट्रात, विशेषतः साताऱ्यासारख्या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांत, अशी माणसे गावोगाव आहेत. साठा किती, लागणार किती, वाटेत नासणार किती आणि रस्ता बंद झाला तर पर्याय कोणता, हा हिशेब त्यांनी चुकीची किंमत जाणून केलेला असतो. निवृत्तीनंतर त्यांतील कित्येकांच्या वाट्याला येते ती एखाद्या सोसायटीच्या फाटकावरील खुर्ची. त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वर्गात उभे करण्यासाठी पदवीची अट शिथिल करावी लागेल, एवढेच. हे काम शासनाने करावे, आणि ते होईपर्यंत बंदराच्या परिसरातील सेवाभावी संस्थांनी सुट्टीतील वर्ग सुरू करावयास कोणाची आडकाठी नाही.

वाढवणचा पहिला टप्पा ह्या दशकाच्या अखेरीस सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. वरोर-चिंचणीच्या शाळेत आज आठवीत बसणारा मुलगा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याच्या तालुक्यात क्रेन शिकण्याचा सिम्युलेटर आणि तो शिकविणारा माणूस तोवर पोहोचावयाचा असेल, तर त्याची मागणी ह्याच वर्षीच्या जिल्हा नियोजनात नोंदली गेली पाहिजे.