खाटेवर निजाल तरच तुम्ही रोगी!

"याला ठाण्याला पाठवा!" या एका वाक्यावर मुंबई शहर पिढ्यान् पिढ्या हसत आले. कोणी जरा भलतेसलते बोलला की त्याला ठाण्याचे तिकीट काढून देण्याची भाषा सुरू व्हायची. तलावांच्या या शहराच्या वाट्याला ही थट्टा आली ती १९०१ साली येथे उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयामुळे. त्या काळी मनाच्या आजारावर समाजाला एकच तोडगा ठाऊक होता. उंच भिंत, मोठे फाटक आणि आत एक खाट! आज काळ बदलला. याच रुग्णालयाच्या जमिनीवर ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानचे नवे रेल्वे स्थानक उभारण्याचे ठरले. भिंत मागे सरली, समाजही पुढे आला. एक वस्तू मात्र अजून त्या जुन्या फाटकाच्या आतच अडकून पडली आहे. ती वस्तू म्हणजे आमच्या-तुमच्या कपाटातली आरोग्यविम्याची पॉलिसी!

मानसिक आरोग्य सेवा कायदा संसदेने २०१७ साली संमत केला आणि २९ मे २०१८ रोजी तो अमलात आला. शरीराच्या आजारावरील उपचारांसाठी ज्या पायावर विमा मिळतो, त्याच पायावर तो मनाच्या आजारासाठीही प्रत्येक विमा कंपनीने दिला पाहिजे, असे त्याच्या एकविसाव्या कलमात स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसा आदेशही दिला. पण आदेश निघणे निराळे आणि तो पाळला जाणे निराळे. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक पॉलिसी आली. तिची रक्कम ३५ लाख रुपये. पण मनाच्या आजारासाठी त्यातले मिळणार अवघे ५० हजार! असली पॉलिसी मंजूर झालीच कशी, असा जाब न्यायालयाला प्राधिकरणाला विचारावा लागला. अखेर सर्व पॉलिसी कायद्याबरहुकूम करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालून देण्यात आली. संसदेच्या एका वाक्याला कंपन्यांच्या दारापर्यंत पोहोचायला जवळजवळ साडेचार वर्षे लागली!

मग आता सारे आलबेल झाले म्हणायचे काय? मुळीच नाही. दार उघडले, पण उंबऱ्यावर नवा पहारेकरी बसला आहे. त्याचे नाव 'चोवीस तास'. आपल्याकडील बहुतेक पॉलिसी रोगी सलग चोवीस तास रुग्णालयात दाखल झाला तरच पैसे देतात. आता आपण डोंबिवलीच्या एखाद्या कारकुनाचा विचार करू. रोज पहाटे उठून तो खच्चून भरलेली लोकल पकडतो. गेले सहा महिने त्याला धड झोप नाही, फलाटावर उभे राहिले की छाती धडधडते, घरात बोलणे नकोसे वाटते. मनोविकारतज्ज्ञ त्याला तपासतात, गोळ्या देतात आणि मानसशास्त्रज्ञाकडे दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते वीस बैठका घ्यायला सांगतात. या आजारावर शास्त्राने मान्य केलेला उपचार तो हाच. एका बैठकीचे हजार-दीड हजार रुपये धरले, तर सोळा बैठकांचे सोळा ते चोवीस हजार होतात. हा मनुष्य वर्षानुवर्षे इमानेइतबारे विम्याचा हप्ता भरत आला आहे. तो दावा करायला गेला की कंपनी विचारते, "आपण दाखल कधी झालात?" दाखल झालो नाही म्हटले, की फाईल बंद!

म्हणजे या न्यायाने त्याने काय करावे? उपचार सोडून द्यावेत, आजार विकोपाला जाऊ द्यावा, नोकरी घालवावी, घरच्यांच्या तोंडचे पाणी पळवावे आणि मग खाटेवर जाऊन निजावे. तेव्हा कुठे कंपनीची थैली सुटणार! ती सुटली तरी किती दिवस? घरी परतल्यावरच्या उपचारांचा खर्च बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांपुरताच मिळतो. पण गोळ्यांनी वादळ शमल्यानंतरच मनाच्या दुरुस्तीचे खरे काम सुरू होते. नेमक्या त्याच वेळी कंपनी हात झटकून मोकळी होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते याला!

कंपन्यांचे उत्तर तयार आहे. "शरीराच्या आजारातही आम्ही बाह्यरुग्णाचा खर्च देत नाही. मग मनाच्या आजारात का द्यावा? कायदा 'समान पाया' म्हणतो. आम्ही समान वागतो." वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद निव्वळ शब्दच्छल आहे. मोतीबिंदू काढायला आता चोवीस तास लागत नाहीत. मूत्रपिंडाचा रोगी डायलिसिस करून त्याच दिवशी घरी जातो, कर्करोगाचा रोगी केमोथेरपी घेऊन संध्याकाळी परततो. या उपचारांचे पैसे कंपन्या देतात ना? होय, देतात! वैद्यकशास्त्र पुढे गेले, खाटेची गरज उरली नाही, म्हणून चोवीस तासांची अट तेथे शिथिल झाली. शरीराच्या उपचाराने खाट सोडली तर नियम वाकतो; मनाच्या उपचाराने खाट सोडली तर मात्र नियम ताठ उभा! यालाच समान पाया म्हणायचे काय?

काही पॉलिसींत जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण उपचारांची सोय केलेली असते. पण तेथेही बैठकांची संख्या नाहीतर रकमेची मर्यादा अगोदरच ठरवून ठेवलेली असते. ती ठरवताना रोग्याकडे कोणी पाहिलेले नसते. मनाची सुधारणा कशी होते, हे ज्याने घरात पाहिले आहे त्यालाच ठाऊक. पहिल्या तीन-चार बैठका विश्वास बसण्यातच जातात. मग दोन पावले पुढे पडतात, एखादा वाईट आठवडा येतो, माणूस एक पाऊल मागे येतो आणि पुन्हा सावरतो. अशा वेळी सहाव्या बैठकीला "तुमची मर्यादा संपली" असे सांगणे म्हणजे हाड सांधायच्या आत प्लास्टर कापून टाकणे होय. त्याने आजार तर बरा होत नाहीच, शिवाय अगोदर खर्ची पडलेला पैसाही पाण्यात जातो.

कंपन्यांच्या मनातील भीती आम्ही समजू शकतो. बंद खोलीतल्या संभाषणाचे मोजमाप कोण करणार? कोणी वर्षानुवर्षे बैठका घेत राहिला तर? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे जगात सापडलेली आहेत. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्यात मानसोपचाराचा समावेश १९६७ सालीच झाला. तेथे प्रथम बारा बैठका, मग आणखी बारा, आणि गरज असल्यास वर्तनोपचाराला साठ व पुढे ऐंशीपर्यंत मंजुरी मिळते. मर्यादा तेथेही आहे. पण ती रोग्याच्या प्रगतीकडे पाहून टप्प्याटप्प्याने सरकते. लांब तरी कशाला जायचे? आमच्या वागळे इस्टेटीतील कामगारांच्या राज्य विमा योजनेचा पाया १९४८ च्या कायद्याने घातला गेला. तिच्यात बाह्यरुग्ण उपचार पहिल्यापासून आहेत. कारखान्यातील कामगाराला जे तत्त्व लागू होते, ते खाजगी कंपनीला जबर हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गीयाला का लागू होऊ नये?

हा मूठभर हळव्या माणसांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रोगी उपचारांवाचून होते. आणि ज्या ठाण्याच्या नावाची थट्टा झाली, त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि मनाच्या दुखण्याविषयी उघडपणे बोलायला येथल्या घराघरांना शिकवले. लाज सोडून दार ठोठावण्याइतका समाज धीट झाला आहे. आता त्याला पैशाच्या भिंतीवर डोके आपटावे लागू नये!

आमची मागणी साधी आहे. तज्ज्ञाने लेखी योजना करून दिलेल्या मानसोपचाराच्या बैठकांना प्राधिकरणाने डायलिसिस व केमोथेरपीच्या पंगतीला बसवावे. बैठकांची मर्यादा विम्याच्या कोष्टकावरून न ठरवता उपचारांच्या आढाव्यावरून ठरवावी. आणि वाचकांनीही हातावर हात ठेवून बसू नये. पॉलिसीचे नूतनीकरण करताना या बैठकांचे काय, हे कंपनीला आणि आपल्या मालकाला लेखी विचारावे. दावा अन्यायाने नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे तक्रार करायला शुल्क पडत नाही.

ठाण्याला पाठवण्याची थट्टा आता जुनी झाली. पण आजारी माणसाने खाट गाठल्याशिवाय त्याचा आजार मान्य न करणे, ही थट्टा रोज चालू आहे आणि तिचा हप्ता आपणच भरीत आहोत. ती बंद झालीच पाहिजे!