माळ्यावरचा ड्रॅक्युला खाली काढताना

चवथीच्या साफसफाईत माळ्यावरची खोकी खाली येतात. धारगळच्या एखाद्या घरात त्यांतून आखातातल्या काकांनी कधीकाळी आणलेला टीव्ही गेमही निघेल. कॅसेटीवर चाबूकवाला गडी आणि मागे ड्रॅक्युलाचा किल्ला दिसला, तर तो बहुधा 'कॅसलव्हेनिया'. जपानच्या कोनामी कंपनीने १९८६ साली काढलेला. 'कॉन्ट्रा' काढणारी तीच ही कंपनी. पोरांना जरूर दाखवा. पण लगेच प्लग लावू नका.

आधी ॲडॅप्टर पाहा. आपल्याकडच्या पावसात वायर चिकट होते, तडकते. उंदराने कुरतडली असेल तर टेप गुंडाळून चालवू नका. पिन बसते म्हणून दुसराच ॲडॅप्टरही लावू नका. व्होल्ट वेगळे असतात, अधिक-उणे बाजू उलटी असू शकते. दुरुस्तीवाल्याला दाखवा.

कॅसेटीत फुंकर मारायची आपली जुनी खोड आता सोडा. तोंडाचा ओलावा आतल्या पट्ट्यांवर बसतो आणि त्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, वाळू द्या.

यंत्र गेलंच असेल तर हळहळू नका. २०१९ साली कंपनीनेच या मालिकेतले आठ जुने खेळ एकत्र काढलेत. ते कॉम्प्युटरवर विकत मिळतात आणि हवं तिथे सेव्हही होतात. फुकटच्या नादाने कसलीही फाईल उतरवू नका.

आता खेळाचं. तो अवघड आहे, हे पोरांना आधीच सांगा. एकदा उडी मारली की हवेत वळता येत नाही. फटका बसला की सायमन, म्हणजे तो चाबूकवाला गडी, मागे फेकला जातो. मागे खड्डा असला की चान्स गेला. मेणबत्त्या फोडल्या की बदाम पडतात. त्यांनी जीव वाढत नाही. ते कुऱ्हाड, पवित्र पाणी असलं काही फेकायला खर्च होतात. जीव भरतो तो भिंतीत लपवलेल्या भाजलेल्या मांसाने. (चवथीच्या शिवराक घरात हे जरा हळू बोला.)

पाचव्या भागात यम भेटतो. त्याच्याआधी एक लांब बोळ आहे. समोरून चिलखतवाले कुऱ्हाडी फेकतात, हवेतून मेडुसाची डोकी नागमोडी येतात. पोरं इथेच रिमोट आपटतात. तोवर पवित्र पाणी जपून ठेवायला सांगा. नेम बसला तर यम जागच्या जागी अडतो. वाटेत खंजीर दिसला म्हणून उचलला, की पाणी गेलं.

भुतं-राक्षस आपल्या पोरांना नवे नाहीत. पेडण्याची पुनव त्यांनी पाहिलेली असते, दशावतारातला काळा संकासूरही. पण तिथे आजी शेजारी असते, भोवती माणसं असतात. अंधाऱ्या खोलीत एकट्या पोराला या किल्ल्यात सोडू नका. दिवा लावा, तुम्ही शेजारी बसा, आळीपाळीने खेळा. घरात कुणाला फिट येत असेल, तर झगमगत्या पडद्यासमोर बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कॅसेटीत खेळ सेव्ह होत नाही. म्हणून जेवायला हाक मारायची ती एखादा भाग संपल्यावर मारा. मध्येच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून. पोरं रडकुंडीला येतील. प्लग काढून ठेवा, लाईट परतताना दाब जास्त येऊ शकतो. तोवर त्यांना माटोळी बांधायला घ्या.