मागे राहिलेल्यांचे काम

दिवाळी अंकाचे पहिले पान मृत्यूच्या विषयाने उघडू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे, आणि यंदाच्या अंकाची जुळवाजुळव करण्यासाठी आमचे संपादक मंडळ बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये प्रथम एकत्र बसले तेव्हा आमच्यातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी, आवाज मुळीच न चढवता, त्या संकेताची आठवण करून दिली. ‘सणासुदीला मयताचा विषय कशाला?’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नामागे सणाविषयीचा खरा जिव्हाळा होता, म्हणूनच त्याचे उत्तर देणे आम्हांला अगत्याचे वाटते. ज्या सणाच्या आरंभी, धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला, घरातील जाणती बाई कणकेचा दिवा करते, त्यात तेल-वात घालून त्याची ज्योत दक्षिणेकडे वळवते, आणि घरातील कोणासही अपमृत्यू येऊ नये म्हणून यमाला हात जोडते, त्या सणाला अकाली मरणाचे नाव वर्ज्य असण्याचे कारण आम्हांला तरी दिसत नाही.

ज्यांच्या स्मरणासाठी या अंकातील एक विभाग आम्ही राखून ठेवला आहे, ते मराठी लेखक नव्हते. आत्मानाम या नावाने तमिळमध्ये कविता लिहिणारे एस. के. मधुसूदन यांनी ६ जुलै १९८४ रोजी याच बंगळूर शहरात आपले जीवन संपवले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. तेव्हाचे व्हाइटफील्ड म्हणजे, म्हैसूरच्या चामराज वडियारांनी दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले, शहरापासून दूर पडलेले खेडे होते. आज तेथे मेट्रोच्या अखेरच्या स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत मराठी आणि तमिळ दोन्ही कानी पडतात, एकाच इमारतीत दोन्ही भाषांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात, आणि तरीही एका भाषेचा शोक दुसऱ्या भाषेच्या दारापर्यंत पोहोचत नाही. हे शहर एके काळी शहाजीराजांची जहागीर होते आणि येथूनच व्यंकोजीराजे तंजावरास गेले, हा इतिहास आम्ही बंगळूरचे मराठी लोक अभिमानाने सांगतो; त्या अभिमानाचे काही देणेही लागते, अशी आमची समजूत आहे.

आत्मानाम हे अनियतकालिकांच्या चळवळीचे अपत्य. मराठीत १९५५ साली ‘शब्द’ निघाले आणि पुढे अशोक शहाणे यांच्या ‘असो’पासून राजा ढाले यांच्या ‘विद्रोह’पर्यंत एक संतप्त, निर्धन आणि अत्यंत जिवंत परंपरा उभी राहिली; तमिळमध्ये सी. सु. चेल्लप्पा यांनी १९५९ साली ‘एळुत्तु’ सुरू केले आणि नव्या कवितेला घर मिळवून दिले. त्या घराची पुढची पिढी म्हणजे आत्मानाम. १९७८ मध्ये त्यांनी व त्यांच्या कविमित्रांनी ‘ऴ’ हे तमिळ वर्णमालेतील एका अक्षराचे नाव धारण केलेले छोटे नियतकालिक सुरू केले. १९८१ साली ‘कागदावरील एक रेघ’ अशा अर्थाचे नाव असलेला त्यांचा कवितासंग्रह निघाला, आणि हयातीत प्रसिद्ध झालेला त्यांचा संग्रह तेवढाच. अलंकारांनी जड झालेल्या काव्यभाषेला त्यांनी रस्त्यावरच्या साध्या वाक्यापाशी आणून उभे केले. आणीबाणीच्या छायेत जेव्हा पुष्कळांनी मौन पत्करले तेव्हा त्यांची कविता सत्तेविषयी बोलत राहिली. आणि हे सर्व तयार कपड्यांच्या व्यवसायात पोट भरण्याची खटपट करीत असताना. अखेरच्या काही वर्षांत त्यांना गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. एवढी हकीकत येथे पुरे. त्यांच्या मरणाचा तपशील आम्ही जाणूनबुजून देत नाही, आणि या अंकातील त्यांच्या कवितांच्या मराठी अनुवादांच्या प्रस्तावनेतही तो वाचकांना आढळणार नाही.

बंडखोर लेखकाने आत्महत्या केली की त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांच्या हाती एक आयती गुरुकिल्ली सापडते, आणि ती किल्ली प्रत्येक कवितेला लावून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. कवितेत कोठे संध्याकाळ आली की ती अंताची छाया ठरते. पाणी आले, दार आले, प्रवास आला, की तो संकेत ठरतो. आणि जी ओळ कवीने एखाद्या सकाळी चहा पिता पिता, कदाचित हसत, लिहिली असेल, ती ओळ त्याच्या मृत्युपत्रात जमा होते. पोलिसांचा पंचनामा निदान घडलेल्या गोष्टीपुरता मर्यादित असतो. समीक्षेचा पंचनामा मात्र जन्मापर्यंत मागे जातो आणि संपूर्ण आयुष्य हे त्या एका दिवसाचे पूर्वरंग होते असा निष्कर्ष नोंदवून दफ्तर बंद करतो. या वाचनपद्धतीत कवीचा गौरव होतो असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. आमच्या मते त्यात कवीवर दुहेरी अन्याय आहे. एक तर त्याच्या कवितेतील खट्याळपणा, कुतूहल, माणसांविषयीची ओढ, झाडांविषयीचे प्रेम हे सर्व त्या एका काळ्या शाईखाली बुडून जाते. आणि दुसरे असे की, ज्या आजाराशी तो माणूस वर्षानुवर्षे झुंजत होता, त्या आजारालाच आपण त्याच्या प्रतिभेचा जनक ठरवून मोकळे होतो. आजाराने कविता लिहिली नाही. आजाराने त्याच्या हातून लेखणी कितीदा हिरावून घेतली असेल, आणि तरीही त्याने ती कितीदा पुन्हा उचलली असेल, याचा विचार केला म्हणजे त्या कवितेकडे पाहण्याची आपली दृष्टी आपोआप बदलते.

याच्या उलट टोकाला मौन आहे, आणि मराठी समाजाला त्याची सवय अधिक. साने गुरुजी रूढ अर्थाने प्रतिसंस्कृतीचे लेखक नव्हेत. परंतु १९४७ च्या मे महिन्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विठ्ठलाचे मंदिर खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसणारा माणूस त्या काळच्या प्रतिष्ठित संस्कृतीला किती असह्य झाला असेल, याची कल्पना आज करणे कठीण नाही. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतः आपल्या आयुष्याचा शेवट केला. ज्या घरांत ‘श्यामची आई’ने दोन-तीन पिढ्यांचे डोळे ओले केले, त्याच घरांत मुलांना गुरुजींच्या मृत्यूविषयी सांगताना ‘देहावसान झाले’, ‘प्राणज्योत मालवली’ अशा शब्दांआड आपण सरकलो. मुलांपासून दुःख झाकावे हा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्या झाकण्याने, इतका प्रेमळ आणि इतका कर्तृत्ववान माणूसही आतून कोसळू शकतो, हे ज्ञान जे आपल्याला पुढे कामास आले असते, तेही झाकले गेले. विशेष हे की, तमिळ साहित्याशी मराठीचे नाते जोडण्यात गुरुजींचाच वाटा मोठा. तिरुचिरापल्लीच्या कारावासात त्यांनी दक्षिणेच्या भाषांची ओढ लावून घेतली, तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणले, आणि प्रांताप्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात या ध्यासाला ‘आंतरभारती’ हे नाव दिले. एका मराठी अंकाने एका तमिळ कवीसाठी शोक करावा, हा हक्क आम्हांला त्यांच्याकडूनच मिळाला आहे असे आम्ही मानतो.

मौनाला कायद्याचाही आधार होता, हे येथे नमूद केले पाहिजे. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. म्हणजे जो माणूस मरणाच्या दारातून परत आला, त्याची पहिली गाठ वैद्याशी पडण्याऐवजी फौजदाराशी पडण्याची भीती असे, आणि घरचे लोक अब्रूसाठी जेवढे गप्प राहत, तेवढेच फिर्यादीच्या धास्तीनेही गप्प राहत. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, मानसिक आजाराने पीडित अशा एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, ही मराठी माणसाने आठवणीत ठेवावी अशी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तीच दिशा धरली; १९९६ साली मोठ्या पीठाने ती फिरवली. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ते जुने कलम उतरले नाही. आत्मानाम गेले त्या वर्षी यांतले काहीही नव्हते. व्यथित मित्राला ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे सरळ विचारणे हा तेव्हा अमंगळपणा समजला जाई. अजूनही पुष्कळांना तसेच वाटते, आणि तसे वाटू नये यासाठी आम्ही आमच्या परीने जोर लावू इच्छितो. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट, एकट्याने वाहिलेले ओझे कोणीतरी पाहिले, एवढा दिलासा त्या माणसाला मिळतो.

मग शोक करावा तरी कसा? अमेरिकेतील प्रतिसंस्कृतीचे अध्वर्यू हंटर थॉम्पसन यांनी २००५ च्या फेब्रुवारीत आपले आयुष्य संपवल्यावर, त्यांच्याच इच्छेनुसार, त्याच वर्षी त्यांच्या रक्षेचा एका उंच मनोऱ्यावरील तोफेतून आकाशात स्फोट करण्यात आला. प्रियजनांनी दिलेला शब्द पाळला, त्याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु अनुकरणासाठी आम्हांला दुसरा, अगदी शांतपणे चाललेला शोक अधिक मोलाचा वाटतो. आत्मानाम यांचे मित्र, कवी ब्रह्मराजन यांनी मित्राच्या कविता गोळा केल्या, १९८९ साली त्यांचे पुस्तक सिद्ध केले, आणि तेवढ्यावर न थांबता २००२ मध्ये त्यांचे समग्र साहित्य संपादून तमिळ वाचकांच्या हाती दिले. हे काम करणाऱ्याच्या दिवसांची कल्पना करून पाहावी: वहीतील खोडलेली ओळ कवीने रद्द केली होती की पुन्हा लिहिण्यासाठी बाजूला ठेवली होती, तारीख नसलेली कविता आजाराच्या आधीची की नंतरची, एकाच कवितेचे दोन पाठ मिळाले तर कोणता छापावा, आणि हे सर्व निर्णय ज्याला विचारायचे तो माणूस नाही. खिळेजुळणीची मुद्रिते तपासताना मित्राचे अक्षर पुन्हापुन्हा समोर येत राहते. अशा रीतीने वर्षांमागून वर्षे केलेले संपादन हे आमच्या दृष्टीने कोणत्याही शोकसभेहून मोठे श्राद्ध आहे.

मराठीतही असे घडले आहे. मनोहर ओक यांचा अंत आत्महत्येने झाला नाही. पण ‘अंतर्वेधी’ आणि ‘चरसी’ लिहिणारा हा कवी-कादंबरीकार ज्या बेघर, निराधार अवस्थेत जगला, त्या अवस्थेत त्याच्या कविता टिकण्याची शाश्वती कोणीही दिली नसती. १९९३ साली ते गेले, आणि त्यानंतर तुळसी परब व चंद्रकांत पाटील यांनी त्यांच्या ऐंशी कवितांचे पुस्तक संपादित केले म्हणून आज ओक आपल्याला वाचता येतात. एका कवीने दुसऱ्या कवीसाठी आपला वेळ, आपले डोळे आणि बहुधा आपली पदरमोडही खर्ची घातली, ही मराठी अनियतकालिकांच्या इतिहासातील गोष्ट आम्हांला या बंडखोरांनी केलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाच्या होळीपेक्षाही अधिक तेजस्वी वाटते, मात्र त्या होळीच्या कथा सर्वांना पाठ आणि या कामाचे नावही पुष्कळांना ठाऊक नाही.

ज्या दिवाळी अंकांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या गुळगुळीतपणावर अनियतकालिकांची पिढी चिडून होती, त्याच प्रकारच्या एका अंकात तिच्यातील एका कवीचे स्मरण होत आहे, याची जाणीव आम्हांला आहे. म्हणून या विभागाच्या पानांत जाहिरात घेतलेली नाही. अनुवाद तमिळ मातृभाषा असलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांबरोबर ओळीओळीवर बसून केले आहेत. त्यांतील निवड करताना कवीच्या मृत्यूकडे बोट दाखवणाऱ्या कविता आधी घ्याव्यात हा आग्रह आम्ही बाजूस सारला, आणि त्यांची मिस्किल, सडेतोड, रस्त्यावर रमणारी कविता अग्रभागी ठेवली.

वाचकांपैकी कोणी स्वतः अशा काळोखातून जात असेल, किंवा घरातील कोणाविषयी काळजी वाटत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. या सेवेच्या उभारणीत आमच्या बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचा प्रमुख सहभाग आहे. हा क्रमांक विभागाच्या पहिल्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापला आहे.

आणि एक विनंती. साठ-सत्तरच्या दशकांतील मराठी अनियतकालिकांचे सुटे अंक, चक्रमुद्रित पाने, लेखकांची पत्रे, न छापलेल्या कवितांच्या वह्या, जे काही आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटात असेल, ते रद्दीवाल्याच्या तराजूवर जाण्यापूर्वी कृपया आम्हांला कळवा. मूळ प्रत आपल्याकडेच राहील. आमचे कार्यकर्ते घरी येऊन तिची छायाप्रत काढून नेतील, आणि प्रत ज्यांच्याकडून मिळाली त्यांचे नाव, त्यांची हरकत नसल्यास, अशा साहित्याच्या आमच्या सूचीत नोंदवले जाईल. पुढील वर्षीच्या अंकासाठी या सूचीचे काम कार्तिकी एकादशीनंतर सुरू होत आहे.