हंगेरीत जय भीम का म्हणतात?

युरोपात सगळे नागरिक समान, असे आमच्याकडचे सुशिक्षितही छातीठोक सांगतात. मग चेक प्रजासत्ताकात ओस्त्रावाच्या 18 रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत का घातले? नागरिक तर तीही होती! 13 नोव्हेंबर 2007 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. तरी वेगळ्या शाळा, वेगळे वर्ग संपलेले नाहीत. राजकारणात समता, समाजात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी 1949 लाच संविधान सभेत दाखवली होती.

आमच्या नालवाडीत 1932 पासून विनोबा राहिले, हरिजनसेवा झाली. रोमांसाठीही योजना आहेतच. पण योजनेने बाजूच्या बाकावर जागा मिळत नाही. हंगेरीतल्या रोमा कार्यकर्त्यांनी म्हणूनच बाबासाहेब निवडले, शायोकाझात त्यांच्या नावाने शाळा काढली. युरोपात शिकायला जाणाऱ्या आमच्या मुलांनी विद्यापीठांसोबत या वस्त्याही पाहून याव्यात.