धबधबा सर्वांचा, जबाबदारी कोणाची?

पावसाळा स्थिरावला की पैनगंगेच्या काळ्या खडकांवरून सहस्रकुंडाचा धबधबा कोसळू लागतो आणि यवतमाळ व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतून त्याच्या काठी माणसांची रीघ लागते. उन्हाळाभर होरपळणाऱ्या या मुलखात वाहत्या पाण्याचे एवढे वैभव क्वचितच पाहावयास मिळते. पूर्वी हे दृश्य डोळ्यांत साठवून माणूस घरी परतत असे. आता ते मोबाइलमध्ये टिपल्यावाचून त्याला परतवत नाही. या हौसेला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु प्रश्न हौसेचा नाही. ज्या जागेवर सर्वांचा हक्क आहे, त्या जागेची जबाबदारी कोणाची, हा आहे.

हक्क आहे, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. नदी, तिचे पात्र आणि काठचे सरकारी जंगल ही कोणाची खासगी मिळकत नव्हे. ज्यांना सहली परवडतात, त्यांच्यासाठी महाबळेश्वर आहे, परदेशही आहे. उमरखेड, महागाव किंवा पुसद तालुक्यातील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबासाठी मात्र वर्षातून एकदा सहस्रकुंडाला जाऊन येणे हीच सहल असते. त्या कुटुंबाने धबधब्यापुढे उभे राहून एक छायाचित्र काढून घेतले, तर तो उथळपणा ठरत नाही. निसर्गाचे दर्शन ही चैन आहे असे मानणारे शासन अखेरीस ते दर्शन केवळ श्रीमंतांपुरते ठेवते.

तथापि धोका खरा आहे. पावसात खडक निसरडा होतो. छायाचित्रासाठी माणूस प्रवाहाकडे पाठ करतो आणि अधिक चांगल्या कोनासाठी एक पाऊल मागे टाकतो. त्याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. सहस्रकुंडाच्या वरच्या बाजूस याच नदीवर इसापूरचे मोठे धरण आहे. तेथील दरवाजे उघडले म्हणजे काही तासांनी खाली पाणी वाढते. त्या वेळी धबधब्यावर लख्ख ऊन पडलेले असू शकते. विसर्गापूर्वी नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. पण सकाळी दूरगावाहून निघून दुपारी खडकावर उभ्या असलेल्या पाहुण्याला गावातली दवंडी कशी ऐकू येणार? धरणावरील माहिती धबधब्यावरील माणसापर्यंत वेळेत पोहोचविणे हे पर्यटकाच्या शहाणपणावर सोपविण्यासारखे काम नव्हे. ते शासनाचे काम आहे.

येथे भूगोल आणि कारभार एकमेकांच्या आड येतात. पैनगंगा ही एके काळी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांमधील सीमा होती. आज एक काठ यवतमाळ जिल्ह्यात म्हणजे अमरावती महसूल विभागात, तर दुसरा नांदेड जिल्ह्यात म्हणजे मराठवाड्यात मोडतो. त्यात धरण पाटबंधारे खात्याचे, झाडी वनखात्याची, बंदोबस्त पोलिसांचा आणि वाहनतळ व कचरा ग्रामपंचायतीच्या माथी! इतके धनी असलेली जागा बहुधा बेवारशी ठरते. पाण्याला मात्र जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते आणि बुडणाऱ्यालाही ती विचारता येत नाही.

अशा वेळी प्रशासनाच्या हाताशी असलेला सोपा उपाय म्हणजे मनाई. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि लगोलग पुणे जिल्ह्यातील अनेक पर्यटनस्थळांवर मनाईचे हुकूम निघाले. धोक्याच्या जागी स्वतःची छायाचित्रे काढणेही त्यात वर्ज्य ठरले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, त्याच जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघे प्राणास मुकले. तो पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. फलक आणि हुकूम यांनी कागदावरची जबाबदारी संपते, खडकावरची नाही, हा या दोन घटनांचा धडा आहे.

सार्वजनिक धबधब्याचा कारभार कसा करावा, याचा एक जुना दाखला नायगाराचा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बाजूची काठाची जमीन खासगी मालकांनी बळकावली होती; कुंपणे घालून ते धबधब्याच्या नुसत्या दर्शनाचेही पैसे उकळत. त्याविरुद्ध लोकमत जागे झाले, न्यूयॉर्क राज्याने ती जमीन विकत घेतली आणि १८८५ साली ती सर्वांना विनामूल्य खुली केली. पलीकडच्या काठावर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने १८८८ साली आपले उद्यान उघडले. दोन देश एक धबधबा सांभाळू शकतात. मग एकाच राज्याच्या दोन जिल्ह्यांना ते अशक्य का असावे?

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातच पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. पण तेथे प्रवेशद्वार आहे, वाहनांना मर्यादा आहे, सोबत वाटाड्या असतो. म्हणजे जंगल पाहणे आणि जंगल राखणे यांची सांगड घालण्याची रीत शासनाला ठाऊक आहे. अर्थात नियम असूनही माणसे कशी वागतात, हे २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-करांडला अभयारण्यात दिसले. एक वाघीण आणि तिची पाच पिल्ले यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छायाचित्राची हाव नियमालाही पुरून उरते. म्हणून नियमांमागे डोळसपणे उभी राहणारी माणसे हवीत.

सहस्रकुंडासाठी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापुरती तरी एक संयुक्त यंत्रणा नेमावी आणि तिचा एक उत्तरदायी अधिकारी असावा. इसापूरच्या विसर्गाची खबर थेट धबधब्यावर भोंग्याने मिळावी. पाण्याच्या पातळीनुसार कोठवर जाता येईल, याच्या खुणा खडकावर रंगवाव्यात. छायाचित्रांसाठी कठड्याच्या सुरक्षित जागा आखून द्याव्यात. चांगले दृश्य सुरक्षित जागेवरून मिळत असेल, तर धोक्याच्या जागी जाणारे आपोआप कमी होतील. काठावरच्या गावांतील पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण, दोर, जीवरक्षक जाकिटे आणि मुख्य म्हणजे रीतसर वेतन द्यावे. आज संकटात पहिली उडी तेच घेतात, ती फुकट! धबधबा पाहणे विनामूल्यच राहावे. वाहनतळाचे शुल्क मात्र त्या गावांना मिळावे.

पाहुण्यांचेही कर्तव्य आहे. बाटल्या आणि पत्रावळी मागे टाकून नेलेले सुंदर छायाचित्र खोटे असते आणि मुलांना निसरड्या कड्यावर उभे करून काढलेले छायाचित्र महाग पडू शकते. परंतु नागरिकांना कर्तव्याची आठवण करून देण्याचा अधिकार, स्वतःचे कर्तव्य पार पाडणाऱ्या शासनालाच शोभतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एखादे घर शोकात बुडाले आणि मागाहून मनाईचा हुकूम निघाला, तर तो बंदोबस्त म्हणता येणार नाही. ती कर्तव्यच्युतीची कबुली ठरेल.