संभाषणकौशल्याचा पेपर

आपल्या विद्यापीठांत इंग्रजी शिकवले जाते. इंग्रजीतून एखादा मुद्दा उभा करणे, तो पुराव्याने पेलणे आणि चारचौघांसमोर सांगून त्यावरचे प्रश्न झेलणे हे मात्र शिकवले जात नाही. ही उणीव जुनीच आहे. नवे आहे ते तिच्यावर घातलेले अधिकृत पांघरूण. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा आराखडा दिला, त्यात इंग्रजी किंवा आधुनिक भारतीय भाषेतील संभाषणाचा सक्तीचा पेपर आला. कोलकाता विद्यापीठाने ही पद्धत कला व विज्ञान शाखांना २०१८ मध्ये लावली. पुढे २०२३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला, शीर्षके बदलली, वृत्ती तीच राहिली. मोजके श्रेयांक, बऱ्याच ठिकाणी पर्यायांपुढे खूण करण्याची परीक्षा, आणि विद्यार्थ्याला लिहिता-बोलता केल्याची कागदोपत्री नोंद. एकही परिच्छेद न लिहिता लेखनकौशल्यात उत्तीर्ण होता येते, ही सोय आमच्या सरकारी खात्यांनाही अद्याप साधलेली नाही.

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य कोलकात्यात आहे, आणि निवड मंडळांवर व संशोधक विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांना बसण्याचा योग वारंवार येतो. जे दिसते ते महाराष्ट्रातल्या वाचकांना, किंवा महाराष्ट्राबाहेर राहून मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्यांना, मुळीच परके वाटणार नाही. एक विद्यार्थी आठवतो. मुर्शिदाबादकडचा, विषय भूजलातील आर्सेनिक. व्यासपीठावर तो वीस मिनिटे पडद्यावरची इंग्रजी वाक्ये वाचत राहिला. प्रत्येक स्लाइडवर आठ-दहा ओळी, शेवटी 'धन्यवाद'. नमुने कोणत्या विहिरींचे, त्याच का निवडल्या, उथळ आणि खोल नळकूपांत फरक किती, यांपैकी काही कळले नाही. चहाच्या वेळी मी माझ्या मोडक्या बांगलात हेच प्रश्न विचारले, तेव्हा त्याने पाच मिनिटांत कागदाच्या कपावर बोटाने थर दाखवत सारे समजावून दिले. अडाणी कोण होते? तो नक्कीच नव्हता. निकालपत्रात मात्र त्याच्या नावापुढे 'संवादकौशल्य कमी' असा शेरा पडला. तो मी वाचला, आणि त्या शेऱ्यावर माझे मत नोंदवले.

अशा शेऱ्यांवर ठरलेले उत्तर येते, की इंग्रजी लवकर सुरू करा. हे उत्तर तपासून पाहण्याची संधी आपल्याला इतिहासाने दिली आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकात प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढली आणि बरीच टीका सोसून २००४ मध्ये ती पुन्हा पहिलीपासून आणली. महाराष्ट्राने २००० मध्येच पहिलीपासून इंग्रजी सुरू केली होती. म्हणजे आज दोन्ही राज्यांत पदवीच्या वर्गात बसलेली मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेली आहेत. त्यांना अर्ज लिहिता येतो, दुकानात बोलता येते. पण 'या लेखकाचे म्हणणे मला पटत नाही, कारण...' असे सुरू होणारे पान त्यांना लिहिता येत नाही, कारण तसले पान त्यांच्याकडून कोणी कधी मागितलेले नाही. मराठीतही नाही, बांगलातही नाही. दोष भाषा उशिरा शिकल्याचा असता, तर मातृभाषेत तरी हे पान जमले असते.

कोलकात्याला ही गोष्ट एकेकाळी उत्तम ठाऊक होती. १८१७ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू कॉलेजात १८२६ मध्ये हेन्री डेरोझिओ नावाचा सतरा वर्षांचा शिक्षक आला. वर्गापेक्षा वर्गाबाहेर त्याने अधिक शिकवले. माणिकतल्याच्या बागबंगल्यात भरणाऱ्या त्याच्या अ‍ॅकॅडेमिक असोसिएशनमध्ये मुले निबंध वाचत, आणि ऐकणारे ते तिथेच फाडून काढत. विषय देवाच्या अस्तित्वापासून रूढींपर्यंत. पालक बिथरले आणि १८३१ मध्ये त्याला कॉलेज सोडावे लागले. त्याच वर्षी तो वारला. ही सारी भद्र हिंदू घरांतली मुले होती, इतरांना त्या कॉलेजाचे दार बंद होते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळाची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. पण शिकवण्याची रीत पाहा. मत मांडायचे, ते वाचून दाखवायचे, समवयस्कांच्या प्रश्नांना उभे राहायचे. इंग्रजी त्या भांडणातून आली, भांडणाआधी नव्हे.

जगदीशचंद्र बसूंनी टाउन हॉलमध्ये विद्युतलहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपले प्रयोग मांडले. आज त्याला 'प्रेझेंटेशन' म्हणतात आणि त्यासाठी टाय कसा बांधावा ते शिकवतात.

मातृभाषेचा प्रश्न इथेच येतो, आणि दोन्ही टोकांच्या मंडळींनी तो नासवला आहे. एक म्हणतात, इंग्रजीत विचार करा. दुसरे म्हणतात, इंग्रजी हवीच कशाला? सत्येंद्रनाथ बसूंनी १९२४ मध्ये आपला शोधनिबंध इंग्रजीत लिहून आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. त्याच बसूंनी १९४८ मध्ये कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि बांगलातून विज्ञान लिहिण्यासाठी मासिक काढले. त्यांना दोहोंत विरोध दिसला नाही. आपल्या माणसाचे उदाहरण हवे असेल तर सखाराम गणेश देऊस्कर आहेत. देवघरजवळ जन्मलेला हा मराठी गृहस्थ दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांच्या इंग्रजी ग्रंथांतले आकडे घेऊन बांगलात 'देशेर कथा' लिहितो, १९०४ मध्ये. आणि १९१० मध्ये सरकारला ते पुस्तक जप्त करावेसे वाटते. युक्तिवाद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येतो, मात्र तो आधी कुठल्या तरी एका भाषेत झालेला असावा लागतो. म्हणून माझे म्हणणे आहे की विद्यार्थ्याला पहिला मसुदा त्याच्या भाषेत लिहू द्या. आज तसे केले तर तो वेळ वाया घालवतो असे समजतात.

न शिकवण्याची किंमत कोण देतो तेही पाहू. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत चार पायऱ्या आहेत: साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचे, साठपर्यंत एक वर्ष बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. नियम योग्य आहे. परंतु दुसऱ्याचे मत आपल्या शब्दांत कसे सांगायचे, अवतरण कुठे संपते आणि आपले बोलणे कुठे सुरू होते, हे ज्याला पदवीच्या तीन वर्षांत एकदाही वही परत करून दाखवले नाही, त्याला पीएच.डी.च्या उंबरठ्यावर एकदम टक्केवारीचे यंत्र दाखवायचे, हा न्याय मला प्रशासक म्हणून मान्य नाही. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत तो हे घरी शिकतो. पुरुलियाच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला घरी सांगणारे कोणी नाही. आता तर संगणक मागाल तो निबंध सफाईदार इंग्रजीत लिहून देतो; त्यामुळे निबंध कोणाचा हे समोरासमोर प्रश्न विचारल्यावाचून कळण्याचा मार्ग राहिलेला नाही.

मग हे होत का नाही? प्राध्यापक आळशी आहेत म्हणून नव्हे. हिशोब करा. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, प्रत्येकाचा पंधराशे शब्दांचा एक निबंध, नीट वाचून शेरे लिहायला वीस मिनिटे: वीस तास झाले. मसुदा दोनदा परत द्यायचा तर चाळीस. आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे. रात्री घरी बसून तपासलेल्या या चाळीस तासांना त्या सोळांत जागा नाही. जे मोजले जात नाही ते कोणी करीत नाही, आणि करणारे दोघे-तिघे आपल्या प्रकृतीच्या जोरावर करतात. त्याउलट संभाषणाचा पेपर शेकडो मुलांना एका सभागृहात, एका तासिकेत, एका कंत्राटी शिक्षकाकडून उरकता येतो. तो स्वस्त आहे, हेच त्याचे शैक्षणिक तत्त्वज्ञान.

काहीजण म्हणतात की मुलाखतीत टिकायला बोलण्याची सफाई लागते. लागते, आणि ती तीन आठवड्यांच्या शिबिरातही येते. त्यासाठी पदवीचे श्रेयांक नकोत. ते श्रेयांक काढून मूळ विषयाला जोडावेत. भूगोलाच्या मुलाने भूगोलाच्या शिक्षकाकडे लिहावे, भाषेच्या शिक्षकाने शेजारी बसून वाक्य सुधारावे, वर्षातून एकदा दहा मिनिटे स्लाइडविना बोलावे आणि त्याच्या दुप्पट वेळ वर्गाने प्रश्न विचारावेत. प्रश्न बांगलात आला तरी चालेल. तपासणीचे तास कार्यभारात धरावेत आणि त्या प्रमाणात पदे मंजूर करावीत. शेवटचे वाक्य वाचून वित्त विभागातले माझे सहकारी हसतील, याची कल्पना आहे. त्यांनी एकदा आपल्या टेबलावर येणाऱ्या सल्लागार कंपन्यांच्या अहवालांचे देयक काढून पाहावे. ज्या टिपण्या आमच्याच कार्यालयातल्या पदवीधरांनी लिहायला हव्यात, त्याच आपण बाहेरून विकत घेत आहोत.